बिनपावसाचा डाग

१९ मे, रविवार

ही वही डेल्फिनाने आणून दिली. म्हणाली, "बाबा, छतवाले येऊन जे सांगतील ते लगेच लिहून ठेवा. नाहीतर तुम्हाला हवं तेवढंच तुमच्या लक्षात राहतं." लेकीने बापाशी असं बोलावं का? पण वही जाड पुठ्ठ्याची, छान आहे, म्हणून ठेवून घेतली.

तर लिहितो. पॅसेजच्या छताला डाग पडलाय. मागच्या वर्षी बशीएवढा होता, आता टॉर्टिया भाजायच्या तव्याएवढा झालाय. कडेला कॉफीचा रंग, मधोमध ओल. स्टुलावर चढून बोट लावलं तर बोट गार पडलं. इथे टूसॉनमध्ये शेवटचा पाऊस पडला त्याला आज बहात्तर दिवस झाले. रेडिओवरचा माणूस रोज मोजून सांगतो, जशी काही त्याच्याच शेतीची काळजी. बहात्तर दिवस कोरडे आणि डाग ओला! म्हणजे आत पाणी मुरलंय तरी किती.

गंमत अशी की हिवाळ्यात चार दिवस झड लागली होती तेव्हा हाच डाग खडखडीत वाळलेला होता. उलट्या डोक्याचं छत. करणाऱ्याचंच डोकं तसं.

करणाऱ्याचं नाव या वहीत लिहायचं नाही असं ठरवलंय.

२१ मे

माझी पद्धत लिहून ठेवतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं झाली, मी शिडी चढलेलो नाही. पण मला वर जायची गरजही नाही. चौतीस वर्षं कूलरच्या धंद्यात काढली आहेत. गल्लीबोळांतून भंगार कूलर हातगाडीवर ओढत आणायचो तिथून सुरुवात, आज दक्षिण भागात अर्ध्या घरांवर माझं मशीन आहे. गिऱ्हाईक फोन करतं, मी म्हणतो, फोन जरा कूलरजवळ धरा. आवाज ऐकून सांगतो, पंप गेला की पट्टा सैल झाला.

छतवाल्याचंही तसंच. त्याला वर पाठवायचं आणि आपण स्वयंपाकघरात बसून ऐकायचं. नीट माणूस तुळयांवरून चालतो. टाच टेकवत नाही. मधे थांबतो, बसतो, हाताने चाचपतो. जो वर गेल्यापासून नुसता धाडधाड फिरतो, त्याने छत पाहिलेलं नसतं, छतावर पाय मोकळे केलेले असतात.

२४ मे

पहिला स्वतःहूनच आला. दार वाजवलं. ब्रेंट नावाचा गोरा तरुण. बूट इतके स्वच्छ की मी त्यात माझं पोट पाहिलं. ट्रकची पाटी परराज्यातली.

"सर, तुमच्या छताला गारांचा मार बसलाय."

"कुठल्या गारांचा?"

"मागच्या वादळातल्या."

"बाळ, मागच्या वादळात माझ्या शेजारणीची एक चड्डी दोरीवरून उडाली. तेवढंच नुकसान."

तो हसला नाही. आज सही केली तर खास भाव देतो म्हणाला. सोकोर्रो आतून ओरडली, "त्याला विचार, पाऊस आला आणि छत गळलं तर तुला कुठल्या राज्यात फोन करायचा!" बायको अशा वेळी उपयोगी पडते. गेला.

२९ मे

दुसरा मोठ्या कंपनीचा. मिस्टर कोल्बी. शिडी गाडीवरून काढलीच नाही. एक यंत्र उडवलं, ते भुंग्यासारखं घरावर घोंगावलं, आणि हा खाली उभा राहून हातातल्या काचेच्या पाटीवर बोट फिरवत होता. अकरा मिनिटांत निकाल: पूर्ण छत उचकटून नवीन. का, विचारलं. म्हणे, वय झालं.

वय माझंही झालंय. मला कुणी उचकटत नाही.

२ जून, रविवार

रविवारची सकाळ मोठी असते. पूर्वी नव्हती.

लिहितोच आता. त्याचं नाव रेफूहियो येस्कास. सगळं शहर त्याला कूको म्हणतं. एका गल्लीत वाढलो. मी छतावर कूलर बसवायचो, तो त्याच छताला पांढरा लेप द्यायचा. एकाच शिडीने चढायचो, बुरीतो एकाच फडक्यात बांधलेले असायचे. डेल्फिना जन्मली तेव्हा तिला चर्चमध्ये त्यानेच हातावर धरलं. तिचा धर्मपिता झाला, म्हणजे माझा कंपादरे. त्या दिवसापर्यंत एकमेकांना अरेतुरे करणारे आम्ही दुसऱ्या दिवसापासून "तुम्ही" म्हणायला लागलो. आमच्यात तसंच असतं. भावाशी भांडता येतं, कंपादरेशी नाही.

तर मी भांडलो. मागच्या वर्षी चार मेला, डेल्फिनाच्या तिसाव्या वाढदिवसाला. घरात, अंगणात मिळून साठ माणसं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. केक पॅसेजमधल्या टेबलावर, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि वरून टप्पकन एक थेंब. बरोबर तीसच्या शून्यावर. सगळे हसले. मला हसू आलं नाही. याच छतावर त्याने एकोणीस वर्षांपूर्वी लेप दिला होता आणि म्हणाला होता, कंपादरे, हे तुमच्या आधी जाणार नाही.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काय रे कूको, हे तुझं काम? लोकांची छतंही अशीच करतोस का?"

"रे" म्हटलं. "तू" म्हटलं. साठ माणसांदेखत.

त्याने वर बघितलं. डागाकडे नाही, त्याच्या जरा पलीकडे. मग माझ्याकडे बघितलं. टोपी घातली, डेल्फिनाच्या कपाळाला ओठ टेकवले आणि गेला. एक शब्द नाही. जाब देण्यासारखं असतं तर दिला नसता का? त्याचं गप्प राहणं म्हणजेच कबुली, असं मी सोकोर्रोला म्हटलं. ती म्हणाली, "म्हाताऱ्या, तुला पंपाचं ऐकू येतं, माणसाचं नाही."

त्याआधी दर रविवारी आठ वाजता तो यायचा. गुडघे चांगले होते तोवर आम्ही कॉफी घेऊन छतावर कठड्याला टेकून बसायचो. मग ओट्यावर. फार बोलायचो असंही नाही.

६ जून

तिसरा ब्राउलियो. प्रार्थनेनंतर चर्चबाहेर गाठ पडली. इतका गोड बोलतो की कॉफीत साखर घालावी लागली नाही. वर गेला. मी ऐकत होतो. पावलं मधोमध, दोन तुळयांच्या पोकळीत, टाचेवर. खिडकीची काच हलली.

खाली आल्यावर परवान्याचा क्रमांक मागितला. दिला, अगदी पाठ. तो गेल्यावर राज्याच्या कार्यालयात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, हा क्रमांक ज्याच्या नावावर आहे ते गृहस्थ वारले.

ब्राउलियोला फोन केला. "तुझा क्रमांक मेलाय."

"अहो डॉन अन्सेल्मो, तो माझ्या मेव्हण्याचा. आमच्यात सगळं एकच असतं."

"मग त्यालाच पाठव."

हा किस्सा कुणाला तरी सांगायला हवा होता. सोकोर्रोला सांगितला. ती हसली, पण तिला छतावरचं हसणं येत नाही.

८ जून

सोकोर्रोने आज जेवताना, बीन्स वाढता वाढता सांगितलं: कूको घर विकून चाललाय. अल्बुकर्कीला, लेकीकडे. बावीस तारखेला ट्रक येणार. त्याच्या बायकोने, कोमादरे ओतिलियाने, भांडी कागदात गुंडाळायला घेतली आहेत.

"जाऊ दे," मी म्हटलं.

"जाणारच आहेत. तुझी परवानगी मागितली नाही."

दोन आठवडे. मला काय त्याचं. मला छताचं बघायचंय.

११ जून

आज चौथी आली. बाई आहे. मारिसेला ओथोन, चाळिशीची, हातांवर पांढऱ्या लेपाचे शिंतोडे. नंबर सोकोर्रोने आणला. कुठून, तर म्हणे बेकरीत कुणीतरी दिला. सकाळीच परवाना तपासला: तिच्याच नावाचा, जिवंत, अकरा वर्षांत एक तक्रार नाही. तिच्या तीन जुन्या गिऱ्हाइकांशीही बोललो. एकीने मला वीस मिनिटं सोडलं नाही, इतकं कौतुक.

मारिसेला वर गेली. मी स्वयंपाकघरात बसलो.

काय लिहू. तुळईवरून, टाच न टेकवता, पाच पावलं आणि थांबा. पाच पावलं आणि थांबा. मग बसल्याचा आवाज, मग हाताने दोनदा थाप. माझी कॉफी गार झाली. सोकोर्रो दारात उभी होती, म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, डोळ्यात धूळ गेली." चांगले छतवाले सगळे त्याच्यासारखेच चालत असतील. बाकीचे तिघे चांगले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक. डाग कुठे आहे हे तिने विचारलं नाही. वर गेली ती सरळ कूलरजवळ.

खाली आल्यावर म्हणाली, "डॉन अन्सेल्मो, वरचा लेप विटलाय, पण त्याखाली एकोणीस वर्षांपूर्वीचा जाड थर आहे तो शाबूत आहे. कामच तसं केलंय."

"न खणता कसं कळलं?"

"कळतं."

"मग गळतं कुठून?"

"कूलरचं पाणी तीन दिवस बंद ठेवा. मग सांगते. आज मी आकडा देणार नाही."

मला हसू आलं. "पोरी, त्या कूलरचा एकेक स्क्रू मी बसवलाय. तीन मशीनचे उत्तम भाग निवडून एक केलंय. आणि कूलर डागापासून आठ फूट लांब आहे."

"पाण्याला आठ फूट म्हणजे काय हो," ती म्हणाली. "उतार मिळाला की चाललं."

"एप्रिलमध्येच माझ्या दुकानातल्या माणसाने पॅड बदलली. तो काही बोलला नाही." म्हणजे बोलला होता काहीतरी तळाच्या ट्रेबद्दल. मी म्हटलं होतं, तू पॅड बदल.

तिने शिडी गाडीवर बांधली. "तीन दिवस," म्हणाली. "तुमचं बरोबर निघालं तर मी फुकट लेप देते."

१२ जून

कूलर बंद केला. तिचं तोंड बंद करण्यासाठी. बेचाळीस अंश. शेजारीण कुंपणावरून विचारून गेली, "कूलरवाल्याचाच कूलर बंद?" मी म्हटलं, "उपास आहे."

१३ जून

चव्वेचाळीस. बनियन पिळून घातलं. सोकोर्रो ओली चादर पांघरून पंख्यापुढे बसलीय, गाणं गुणगुणतेय. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती उकाड्यावरून माझ्याशी भांडली नाही. तब्येत बरी आहे ना, पाहिलं पाहिजे.

डाग जरा फिका वाटतो. उजेडाचा फरक असेल.

१५ जून

वाळला.

१६ जून, रविवार

स्टुलावर चढून तीनदा बोट लावलं. मग सोकोर्रो नको नको म्हणत असताना शिडी लावली आणि गुडघा ओढत वर गेलो. ट्रेच्या कोपऱ्यात गंजाचं एक भोक, टाचणीएवढं. त्याखाली कूलरचा पाय लेपात रुतलाय आणि पायाभोवती शेवाळ. वाळवंटात शेवाळ! हिरवंगार, मऊ, वर्षभर जोपासल्यासारखं.

मे महिन्यात टपकलं. हिवाळ्यात कूलर बंद, डाग वाळला. उन्हाळ्यात कूलर चालू, डाग ओला. हे मी स्वतःच्या हाताने याच वहीत लिहिलंय, पहिल्याच पानावर. लेकीचं खरं आहे.

कठड्याला टेकून ऊन चढेपर्यंत वरच बसलो. सोकोर्रो खालून म्हणाली, "उतर आता." मग काही वेळाने म्हणाली, "बस हवं तर."

१८ जून

दोन दिवस धीर होत नव्हता. आज गेलो.

कूको अंगणात शिड्या मांडून बसला होता, कुणाला कुठली द्यायची ते ठरवत. वाळलाय. मला पाहून उठला नाही, पण पलीकडची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली.

"कंपादरे," मी म्हटलं. तेरा महिन्यांनी. "तुमचं छत गळत नव्हतं."

"माहीत आहे."

"माझा कूलर गळत होता."

"तेही माहीत आहे."

"केव्हापासून?"

"केकवर थेंब पडला तेव्हापासून. चार मेला, भर उन्हात वरून पाणी कुठून येणार, कंपादरे? देवदूत शिंकला का?"

"मग तिथल्या तिथे बोलला का नाहीत?"

त्याने शिडीची एक पायरी अंगठ्याने घासली. "साठ माणसं होती. त्यातल्या चाळिसांच्या घरावर तुमचं मशीन. मी म्हटलं असतं की अन्सेल्मोच्या घरचाच कूलर त्याच्या लेकीच्या केकवर गळतोय, तर सोमवारी दुकान उघडून काय केलं असतंत?"

"आणि तुमचं नाव खराब झालं ते?"

"मी शिडी सोडणारच होतो. तुम्हाला अजून दुकान चालवायचं होतं."

तोच पुढे म्हणाला, "वाटलं, चार दिवसांत कळेल तुम्हाला. कूलरवाला माणूस. मग म्हटलं, महिन्याभरात. मग थंडी आली. म्हटलं, आता कूलर बंद होणार, डाग वाळणार, आता येतील. नाताळचे तमालेस ओतिलियाने तुमच्या वाट्याचे वेगळे काढून ठेवले होते."

"जाऊ नका, कंपादरे."

"घर विकलं."

"दुसरं बघू. मी बघतो."

"तसं नाही हो. रविवारी उठून दाढी करून, चांगला शर्ट घालून बसायची सवय. आठ वाजले की ओतिलिया विचारायची, कुठे निघालात? मी म्हणायचो, कुठेच नाही. वर्षभर 'कुठेच नाही' म्हटल्यावर माणसाला वाटतं, मग इथेच कशाला? तिकडे नातवंडं तरी आहेत."

ओतिलिया कोमादरेने कॉफी आणली. कप बांधून झाले होते, म्हणून कागदी पेल्यांत. ती माझ्याशी बोलली नाही. पण साखर मला लागते तेवढीच होती.

निघताना कूको म्हणाला, "मारिसेलाला काम द्या. टाच टेकवत नाही ना ती अजून?"

"नाही," मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, मी तिचं नाव घेतलंच नव्हतं. सोकोर्रो बोलली असेल.

२२ जून

सामान चढवायला गेलो. गुडघ्यामुळे मला फक्त उशा दिल्या. मी एकूण नऊ उशा चढवल्या. कूको सगळ्यांना सांगत होता, "जपून, आमचे कंपादरे अवजड कामात आहेत."

डेल्फिना त्याच्या गळ्यात पडून रडली. आमच्या दोघांच्या गळाभेटीत टोप्या आपटल्या, दोघांच्याही पडल्या, आणि उचलायला दोघांनाही वाकता येईना. ओतिलियाने उचलून दिल्या. मग ट्रक गेला.

२३ जून, रविवार

प्रार्थनेनंतर चर्चच्या दालनात कॉफी असते. टेबलापाशी उभा राहून मोठ्याने सांगितलं: वाढदिवसाला गळत होता तो माझा कूलर. कूको येस्कासने केलेलं छत आजही धड आहे. गाढव मी.

मग ब्राउलियोनेच टाळी वाजवली. दुपारपर्यंत अकरा फोन आले, "अन्सेल्मो, आमचाही ट्रे जरा बघून जा." धंदा बुडणार होता म्हणे! तेरा महिने मी कसली राखण करत होतो, आणि तो कसली करत होता.

हे त्याला सांगायचं म्हणून टोपी शोधायला लागलो. मग टोपी ठेवून दिली.

२६ जून

मारिसेलाने काम केलं. कूलरच्या पायाखालचं उचकटलं, सुकवलं, बुजवलं, वरून दोन हात लेप. नवा ट्रे मी बसवला. म्हणजे दुकानातल्या माणसाने बसवला आणि या वेळी तो जे बोलला ते मी ऐकून घेतलं.

डेल्फिना विचारत होती, "मग बाबा, भरवशाचा छतवाला मिळाला ना शेवटी?"

३० जून, रविवार

आठ वाजता फोन केला. कूकोनेच घेतला, पहिल्या घंटीला.

"काय कंपादरे."

"काय कंपादरे."

यापुढे काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. आयुष्यात आम्ही एकमेकांशी फोनवर बोललोच नव्हतो, फक्त "शिडी आणा" एवढंच. समोर माणूस असला की गप्प बसता येतं. फोनवर गप्प बसलं की वाटतं, तार तुटली. त्याने हवा विचारली, मी सांगितली. मी नातवंडं विचारली, त्याने सांगितली. मग दोघंही थांबलो. आता तो "बरं मग" म्हणणार, हे मला श्वासावरून कळलं.

"तुमच्या लेकीकडे कूलर आहे का?" मी घाईने विचारलं.

"आहे की. छतावरच."

"जरा फोन तिकडे धरा."

त्याने धरला. मी ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"कंपादरे, तुमच्या पंपाचं काही खरं नाही," मी म्हटलं. "महिनाही काढायचा नाही."

मग कूको म्हणाला, "मलाही तेच वाटत होतं. फारच खडखडतो. ओतिलियाची झोप उडालीय. पण इथे ओळखीचं कोण आहे? कुणावर भरवसा ठेवायचा?"

"कुणालाही हात लावू देऊ नका. सात तासांचा रस्ता आहे. उद्या उजाडता निघतो."

"हत्यारं आणा. आणि दोन-चार दिवसांचे कपडे. असल्या कामाला वेळ लागतो."

सोकोर्रो बॅग भरतेय. मी हत्यारांची पेटी गाडीत ठेवून आलो आणि हे लिहायला बसलोय.

चौतीस वर्षांत इतका सुरेख चालणारा पंप मी ऐकलेला नाही.